हॉप्सचा चोथा आणि काकू-सान

आधी काकू-सानचं सांगते, मग काय घडलं ते. कारण जे घडलं ते माझ्या हातून घडलं, आणि त्यातून जे निभावलं ते त्यांच्यामुळे.

काकू-सान म्हणजे टोकियोच्या एदोगावा भागातल्या आमच्या दुमजली इमारतीत खाली राहणाऱ्या जपानी बाई. सत्तरीच्या पुढच्या, एकट्या, सोबतीला एक म्हातारी, शिबा जातीची कुत्री. आयुष्यभर त्यांनी एका शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांचं जेवण रांधलं. आम्ही इथे आलो त्या पहिल्याच आठवड्यात मी चुकीच्या दिवशी चुकीची पिशवी घेऊन कचऱ्याच्या जाळीपाशी उभी होते. या बाई आल्या, माझी पिशवी तिथेच खाली बसून उघडली, बाटल्या वेगळ्या, प्लॅस्टिक वेगळं, ओलं वेगळं केलं आणि पुन्हा गाठ मारून दिली. माझ्या तोंडातून सवयीने निघून गेलं, "थँक्यू हं काकू."

"काकू?" त्यांनी विचारलं.

मी हातवारे करून सांगितलं, बाबा, बाबांचा भाऊ, त्याची बायको. त्यांनी जरा विचार केला आणि त्याला स्वतःच इथलं आदराचं '-सान' जोडून टाकलं. तेव्हापासून आमच्या घरची बेल वाजवली की खालून आवाज येतो, "काकू-सान देस!" म्हणजे, काकू-सान आलेय.

माझं शिक्षण नववीपर्यंत, तेही अर्धवट. बार्शीजवळच्या आमच्या गावात शाळा चांगली होती, मीच नव्हते. सर फळ्यावर काही लिहायचे, वळून विचारायचे, "समजलं का?" आणि अख्खा वर्ग म्हणायचा, "हो सर." त्यात माझंही असायचं, सगळ्यात मोठ्याने. मान डोलवली की कुणी पुढचं विचारत नाही, हे मला फार लवकर कळलं होतं. दुसरं काही कळलं नव्हतं. एकदा सरांनी मला उठवून फळ्यापाशी नेलं आणि एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश मोठा एवढंच विचारलं. मी खडू धरून उभी राहिले. तास संपेपर्यंत. दुसऱ्या दिवशीपासून मी गेलेच नाही, आणि घरातही कुणी फार आग्रह केला नाही.

नवरा नात्यातलाच, लहानपणीच ठरल्यासारखा, पण तो शिकत गेला, पुण्यात कंपनीत लागला आणि कंपनीने जपानला पाठवला. म्हणून मीही इथे. आमच्या भागातल्या मराठी बायका इंजिनियर, कुणी एम.बी.ए., कुणी इथल्या इंडियन स्कूलमध्ये शिकवतात. चांगल्या आहेत सगळ्या. पण "तू काय केलंस गं?" असं कुणी विचारलं की मला घाम फुटतो. जपानी तर सोडाच. इथे 'हाय' म्हणजे हो. तो एक शब्द मी फार सफाईने शिकले. दुकानात हाय, वॉर्ड ऑफिसात हाय, मुलीच्या बाईंसमोर हाय हाय. त्या बिचाऱ्यांना वाटायचं, काय छान कळतं हिला.

तर बीअरचं. काकू-सान घरी बीअर करायच्या.

हे मी आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "एवढ्या लांब जाऊन हेच राहिलं होतं का?"

"अगं आई, नावाची बीअर. इथे घरी खरी दारू करायला बंदी आहे. एक टक्क्याच्या आतच ठेवायची असते. ताकापेक्षा जरा जास्त समज."

"ताक कर मग."

नवऱ्याने वेगळाच सूर लावला. "शिकून घे, शिकून घे. गावी गेल्यावर हातभट्टी टाकू."

पण मी खाली जायचे ते बीअरसाठी नाहीच. त्यांचं काम बघायला जायचे. गुडघे धरल्यामुळे मोठं पातेलं त्यांना उचलवत नव्हतं, म्हणून महिन्यातल्या एका रविवारी मला हाक यायची. पातेलं शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेलं, त्यांच्यासारखंच, असं त्याच म्हणायच्या. त्यात पाणी, मग माल्टचा, म्हणजे मोड आणलेल्या जवाचा पाक. तो थेट आपल्या काकवीसारखा, रंगाने आणि धारेनेही. मग हॉप्स, म्हणजे एका वेलीची वाळवलेली फुलं. हॉप्स पोस्टाने यायचे, हिरव्या दाबलेल्या गोळ्या. पहिल्यांदा पाकीट उघडलं तेव्हा मला हसूच आलं, कारण आमच्याकडे गुरांना गोळीपेंड घालतात ती डिट्टो अशीच दिसते. वास मात्र कैरीच्या चिकाचा. काही गोळ्या सुरुवातीला टाकायच्या कडवटपणासाठी, काही शेवटी वासासाठी. उकळीत त्या विरघळतात आणि तळाला हिरवा गाळ राहतो, भिजवलेल्या मेंदीसारखा. तोच चोथा.

त्या चोथ्यासाठीचं त्यांचं वागणं बघण्यासारखं होतं. आच बंद केली की डावाने पातेल्यातलं पाणी एकाच दिशेने गरगर फिरवायचं, चांगला भोवरा झाला की डाव काढून झाकण ठेवायचं. हात लावायचा नाही. थोड्या वेळाने झाकण काढलं की सगळा चोथा मधोमध गोळा होऊन बसलेला, छोटी टेकडीच. मग पातेल्याच्या कडेने नळी टाकून वरचं स्वच्छ पाणी काढून घ्यायचं. हे मी पहिल्यांदा बघितलं आणि म्हटलं, अरे, हे तर आपण तांदूळ रोवळतो तसंच! पाण्यात गोल गोल फिरवायचं, तांदूळ वरच्यावर निघतात, खडे मागे राहतात. मी त्यांना वाटीत तांदूळ आणि चार खडे घालून करून दाखवलं. काकू-सान टाळ्या वाजवून म्हणाल्या, "तू तर आधीच शिकून आलीस!" मला असं शिक्षणाच्या बाबतीत आयुष्यात कुणी म्हटलेलं नव्हतं. वर जाऊन मी ते नवऱ्याला दोनदा सांगितलं.

तळाला उरलेलं मग फडक्यावर ओतायचं. मी काय केलं, पहिल्या वेळी फडक्याची पुरचुंडी केली आणि चक्क्याला पिळतो तशी कचकचून पिळायला घेतली. वाया कशाला घालवायचं? काकू-साननी माझं मनगटच धरलं. आपोआप गळेल तेवढंच घ्यायचं, पिळलं की नको तो कडवटपणा उतरतो. पण गंमत बघा, गळून झालं की तोच चोथा त्या स्वतः पूर्ण जोर लावून पिळायच्या, कारण आता तो कचरा, आणि इथे ओला कचरा पाणी काढूनच टाकायचा असतो. मग वर्तमानपत्रात गुंडाळायचा, पिशवीत घालायचा, दोन गाठी मारायच्या आणि ती पिशवी फ्रीझरमध्ये ठेवायची. जळणाऱ्या कचऱ्याच्या दिवशी सकाळी बाहेर.

कचरा फ्रीझरमध्ये! माशांच्या शेजारी!

आणि एवढ्यावर थांबत नव्हतं. प्रत्येक गोष्टीचा चमचाभर नमुना छोट्या पिशवीत, त्यावर कागदी पट्टी, पट्टीवर तारीख, वस्तू, वजन. पाकाचा नमुना, पाण्याचा नमुना आणि चोथ्याचासुद्धा नमुना. शाळेच्या स्वयंपाकघरात रोजच्या प्रत्येक पदार्थाचा नमुना दोन आठवडे गोठवून ठेवावा लागतो. एखादं पोर आजारी पडलं तर नेमकं काय पोटात गेलं ते सांगता यावं म्हणून. नोकरी सुटली, सवय सुटली नाही. मी वर येऊन नकला करायचे. "ही फोडणी, आठ ग्रॅम. हा नवऱ्याचा उरलेला अर्धा घास, बारा ग्रॅम." नवरा पोट धरून हसायचा. आता आठवलं की मला स्वतःचीच लाज वाटते.

त्या मे महिन्यातल्या रविवारी त्यांचे गुडघे जास्तच दुखत होते. त्या खुर्चीवर बसून गेल्या खेपेच्या बाटल्या भरत होत्या, चोथ्याचं सगळं माझ्याकडे दिलं. आणि देताना बरंच काही बोलल्या. भराभर, बाटलीवरची नजर न काढता. एकदा फ्रीझरकडे बोट केलं, एकदा दाराकडे. दारात कुत्री पसरली होती.

मी म्हणाले, "हाय, हाय."

मला कळलं होतं ते एवढंच, की नेहमीसारखं कर.

नमुना काढला. पट्टी लिहिली, आकडे आणि 'हॉप्स' हा शब्द मला आता लिहिता यायचा. चोथा पिळला. त्या वेळी हॉप्स जास्त घातले होते, म्हणून मोठा वाडगाभर निघाला. फ्रीझर उघडला तर जागा नाही. आणि खरं सांगते, मनातून मला तो टाकवतच नव्हता. एवढा चांगला पालापाचोळा! आमच्याकडे चहाचा चोथा कधी कुणी फेकला नाही. धुवायचा, साखर काढायची आणि गुलाबाच्या मुळाशी घालायचा. काकू-सानच्या फाटकाशीच गुलाब होता, यंदा कळ्या धरत नाही म्हणून त्या कुरकुरत होत्या. म्हटलं, कळ्या आल्या की सांगू, तोवर गुपित. खुरप्याने माती उकरली, वाडगा रिकामा केला, वर माती लोटली. चोथा धुतला मात्र नाही. पाकाची गोडी त्यात तशीच होती.

तीनच्या सुमाराला खालून हाक आली. बेल नाही, "काकू-सान देस" नाही, नुसतीच हाक.

मी उतरले तर कुत्री फरशीवर आडवी. जीभ बाहेर, छाती भात्यासारखी चाललेली. काकू-सान तिच्या पोटावर ओला टॉवेल धरून बसल्या होत्या. मी हात लावला आणि तव्याला लागल्यासारखा मागे घेतला. नाकावर माती. मिशांना हिरवं काहीतरी चिकटलेलं.

मी फाटकाकडे बघितलं. गुलाबाच्या मुळाशी खड्डा.

काकू-सान म्हणाल्या, "ऊन लागलं असेल का?" मग माझ्याकडे बघून, "काही खाल्लं का हिने? तू बघितलंस?"

मान हलवायची, बस. नाही म्हणून हलवली असती तरी चाललं असतं. ऊन होतंच. कुत्री म्हातारी होतीच. मला त्या परक्या देशात एकच माणूस होतं, जे मला 'शिकून आलीस' म्हणालं होतं, आणि त्याच माणसाला आता सांगायचं होतं की तुझ्या जिवाच्या सोबतीला मी काहीतरी खाऊ घातलंय. पण ती छाती डोळ्यासमोर वरखाली होत होती, आणि मला एवढंच दिसत होतं की ही गोष्ट आत्ता फक्त मला माहीत आहे. कुत्रीला सांगता येणार नाही.

"मी," मी म्हणाले. खड्ड्याकडे बोट केलं. "हॉप्स. मी पुरले. सकाळी."

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. ती नजर मी विसरणार नाही. पण ती क्षणभरच होती. पुढच्या क्षणी त्या शाळेच्या स्वयंपाकघरातल्या बाई झाल्या. फ्रीझरमधून चोथ्याच्या नमुन्याची पिशवी काढली, हॉप्सचं रिकामं पाकीट डब्यातून काढलं, कुत्रीला बर्फाच्या ओल्या टॉवेलात गुंडाळून माझ्या हातात दिलं. मागच्या गल्लीत जनावरांचा दवाखाना. मी पुढे पळाले, त्या काठी टेकत मागे.

रविवार, पण तो डॉक्टर तिथेच वर राहायचा. तरुण मुलगा. त्याने पट्टी वाचली, पिशवी उघडून वास घेतला आणि पुढचं काही न विचारता आतल्या बाईंना हाका मारायला लागला. नंतर कळलं, हॉप्स कुत्र्यांना बाधतात, अंगाचा ताप चढतच जातो आणि उतरत नाही. हा त्रास त्याने पुस्तकात वाचला होता, बघितला नव्हता. मी खड्ड्याचं सांगितलं नसतं आणि ती पट्टी नसती तर तोही आधी उन्हाच्याच मागे लागला असता.

"किती पोटात गेलं?" त्याने विचारलं.

काकू-सान माझ्याकडे वळल्या. या वेळी सावकाश, एकेक शब्द सुटा करून, "पळ. मातीत राहिलं ते सगळं आण. वाडगाही आण."

मी पळाले. हातांनी माती उपसली, नखं भरली, चोथा वेचून वाडग्यात भरला आणि तसाच घेऊन परत आले. वाडगा सकाळी काठोकाठ होता. आता कमी होता. डॉक्टर, काकू-सान, ती आतली बाई, तिघंही माझ्याकडे बघत उभी, पुन्हा फळ्यापाशी उभी असल्यासारखी मी. पण वाडग्यातलं मला वाचता येतं. हा वाडगा मीच भरला होता.

"निम्मा नाही," मी बोटांनी दाखवलं. "तीन भाग केले, तर त्यातला एक."

त्यांनी तिला ओकायला लावलं, काळं औषध पाजलं, सलाईन लावलं, पंखे लावले. आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर. माझ्या हातांची माती वाळून पडत होती आणि ती पायाने गोळा करावी की तशीच ठेवावी हेही मला सुचत नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, "मी सकाळी सांगितलं होतं ना? कुत्रीपासून लांब ठेव म्हणून?"

"हाय."

"तुला कळलं होतं?"

ओठांवर हाय आलं होतं. गिळलं.

"नाही."

"मग हाय का म्हणालीस?"

मी त्यांना शाळेचं सांगितलं. आहे त्या मोडक्या जपानीत. फळा, खडू, हो सर. किती पोचलं माहीत नाही. सांगता सांगता रडू फुटलं, आणि काकू-साननी पर्समधून रुमाल काढून माझ्या हाताची माती पुसायला घेतली, एकेक बोट.

"माझ्या स्वयंपाकघरात नव्या बायका यायच्या," त्या म्हणाल्या, "त्या सगळ्या असंच हाय म्हणायच्या. तो हाय मला लांबूनही ओळखू यायचा. तिथे मी परत विचारायचे, काय सांगितलं ते तू मला सांग म्हणून. आज तुझा ओळखला नाही. गुडघ्यांकडे लक्ष होतं. चूक माझीही आहे."

एवढं बोलून त्या उठल्या आणि दाराच्या काचेतून आत बघत उभ्या राहिल्या.

संध्याकाळपर्यंत ताप उतरायला लागला. दोन दिवस ती दवाखान्यातच होती. तिसऱ्या दिवशी घरी आली, माझ्याकडे बघितलं आणि शेपूट हलवली. जनावराला राग धरता येत नाही, हे त्याचं मोठेपण की भोळेपण, कोण जाणे. माझी मुलगी तिला कुरवाळत जपानीत काहीतरी पुटपुटत होती. मी विचारलं, "काय गं बोलतेस?" तर मराठीत म्हणाली, "आईला माफ कर असं सांगतेय."

नवरा त्या दिवशी हसला नाही. मिठाईचा डबा घेऊन माझ्याबरोबर खाली आला आणि कमरेत वाकून माफी मागितली. काकू-साननी डबा घेतला, उघडला आणि पहिल्यांदा काय केलं असेल? एका पेढ्याचा तुकडा छोट्या पिशवीत घालून वर पट्टी चिकटवली. आम्ही तिघंही हसलो. मी जरा रडलेही.

पुढच्या महिन्यात मला वाटलं होतं हाक येणार नाही. आली. स्वयंपाकघरात गेले तर फ्रीझरच्या दारावर एक नवी मोठी पट्टी, माझ्यासाठी सोप्या अक्षरांत लिहिलेली, 'वाकारिमासेन'. म्हणजे, मला कळलं नाही. नियम असा, की त्या घरात मी हाय म्हणायचं नाही. प्रत्येक गोष्ट त्या सांगणार, मी ती त्यांना उलट सांगणार. आणि सुरुवातीला तीन वेळा मोठ्याने म्हणायचं, वाकारिमासेन, वाकारिमासेन, वाकारिमासेन.

"मोठ्याने! शेवटच्या बाकावर ऐकू गेलं पाहिजे!"

पहिल्या दिवशी माझा आवाजच फुटेना. आता फुटतो. वॉर्ड ऑफिसातही फुटतो, मुलीच्या बाईंसमोरही. आणि आश्चर्य म्हणजे कुणी हसत नाही. लोक पुन्हा सांगतात. एवढी साधी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, की 'कळलं नाही' म्हटलं की लोक पुन्हा सांगतात. चोथ्याचं काम अजून माझ्याकडेच आहे. भोवरा, झाकण, नळी, फडकं, नमुना, पट्टी. मग पिळणं, दोन गाठी. त्याच्यासाठी फ्रीझरमध्ये एक खण आधीच रिकामा करून ठेवते. एकही हिरवा कण फरशीवर राहिलेला नाही ना, हे मी गुडघ्यावर बसून बघते, आणि कुत्री दारात पसरून मला बघत असते.

या हिवाळ्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. काकू-साननी मला एकाच सकाळी दोनदा विचारलं, पाक टाकला का? तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा स्वतःच थबकल्या. मग परवा पट्टीवर तारीख लिहिताना त्यांचा हात थांबला. माझ्याकडे बघून त्या पटकन म्हणाल्या, "हाय, हाय," जणू मी काही विचारलंच होतं.

तो हाय मला ओळखू येतो. माझ्याइतका कुणाला येणार?

मी तारीख सांगितली, त्यांनी लिहिली. पण वर येताना जिन्यात थांबून मनाशी ठरवलं, ते इथे लिहून ठेवते. काकू-सान, एक दिवस तुम्हाला माझं बोलणं कळणार नाही, आणि तुम्ही घाईने मान डोलवाल. त्या दिवशी मी ती मान खरी धरणार नाही. तुमच्याजवळ बसेन, एकेक शब्द सुटा करून पुन्हा सांगेन. दहा वेळा लागलं तर दहा वेळा. आणि तुमच्या म्हाताऱ्या कुत्रीला सांभाळेन. दवाखान्यात माझे हात पुसलेला तुमचा रुमाल धुऊन, घडी करून माझ्याकडेच ठेवला आहे. तुम्ही परत मागितला नाहीत, आणि मीही तो त्याच दिवसासाठी ठेवणार आहे.